शब्दचर्चा : स्वमग्न, आत्ममग्न, आत्मकेंद्रित की सरळ ऑटिस्टिक?

अर्धविराम

अंगणवाडी सेविकांसाठीच्या एका छोट्या पुस्तिकेचं संपादन माझ्याकडे आलंय. विषय ऑटिझम, म्हणजे लोकांशी देवाणघेवाण आणि वागणं लहानपणापासूनच वेगळं असणं. लिहिणारे तिघं, त्यामुळे शब्दही तीन. पहिल्या प्रकरणात 'स्वमग्न', दुसऱ्यात 'आत्मकेंद्रित' आणि तिसऱ्यात एके ठिकाणी चक्क 'गतिमंद'. शेवटचा मी लगेच काढला. उरलेल्यांतून एक ठरवायचा आहे.

'आत्मकेंद्रित' मला पटत नाही, कारण मराठीत त्याचा अर्थ जवळजवळ 'स्वार्थी' असाच होतो. लग्नाच्या बोलणीत एखाद्या मुलाबद्दल हा शब्द आला तर स्थळ मोडेल! पण 'स्वमग्न'ही मनाला पटत नाही. मज्ज् म्हणजे बुडणे, त्यावरून मग्न. भजनात मग्न, वाचनात मग्न, ध्यानमग्न. 'चिंतामग्न' सोडला तर बहुतेक कौतुकाचीच छटा. मग स्वतःत बुडालेलं मूल म्हटलं की वाचणाऱ्या बाईला काय वाटेल? आपल्याच विश्वात सुखी आहे, कशाला त्रास द्या. हे बरोबर आहे का?

गवतीचहा

मराठीत 'एककल्ली' आहे की! घुम्या आहे, तऱ्हेवाईक आहे. संस्कृत कशाला हवं?

ओसरी

गवतीचहा, हे सगळे स्वभाव झाले. एककल्ली माणसाला दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही.

पिंपळपान

'स्वमग्नता' हे भाषांतर म्हणून चोख आहे. गोची मूळ शब्दातच आहे. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास 'ऑटिझम' हा शब्द रूढ केला तो स्किझोफ्रेनियासंदर्भात. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आतल्या जगात राहणं, असा त्यांचा अर्थ. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला पाहिलेल्या 11 मुलांचं वर्णन करताना तोच शब्द उचलला, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या हान्स आस्परगर यांच्या प्रबंधातही तोच. म्हणजे शब्द एका आजारासाठी घडवला आणि चिकटला भलत्याच गोष्टीला. डीएसएम या अमेरिकी निदानपुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळायला 1980 साल उजाडलं. (1925 मध्ये मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलांचं जे वर्णन छापलं ते आजच्या निकषांशी बरंच जुळतं. त्यांचं नाव मात्र कितीतरी दशकं कोणी घेतलं नाही.)

हे नुसतं शब्दांचं खुसपट नाही. मूल पाठ फिरवतंय असं एकदा म्हटलं की 'कोणामुळे?' हे ओघाने आलंच, आणि बोट आईकडे वळलं. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात पालकांच्या थंडपणावर खापर फोडलं. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्दप्रयोग त्या काळात कितीतरी आयांना ऐकावा लागला. वास्तविक बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्येच याची कारणं जैविक असल्याचं मांडलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशा मुलाचे वडीलही. 1977 मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, भिन्न जुळ्यांच्या 10 जोड्यांत एकातही नाही. आकडे लहान, पण बोट आईकडून आनुवंशिकतेकडे वळलं, वारं तिथून फिरलं.

नाचणी

मी शब्दांतली तज्ज्ञ नाही, पण घरात ऑटिझम आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा सहा वर्षांचा.

नावाने हाक मारली तर वळून बघायचा नाही. सासूबाईंना वाटलं कानाचा दोष असेल, म्हणून त्या त्याच्या मागे ताट आपटून बघायच्या. कानाची तपासणी केली, ती अगदी व्यवस्थित आली. आणि आतल्या खोलीत चिवड्याची पुडी उघडली की हा बाहेरून धावत हजर! मग हाकेला का येत नाही, याचं उत्तर 'स्वतःत बुडालाय' असं नव्हतं. माणसाचा आवाज, त्यातही आपलं नाव, ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे हे इतर मुलांना जन्मतःच जणू कळतं. त्याला ते तसं कळत नव्हतं, इतकंच.

बोलायला लागला तेव्हा वेगळीच गंमत. तहान लागली की माझ्याकडे येऊन म्हणायचा, "पाणी पाहिजे का तुला?" मी म्हणायचे, नको रे. तो रडायचा. मला उमगायला वेळ लागला की हे माझंच वाक्य आहे, माझ्याच सुरात. पाणी देताना मी असं विचारते, म्हणून पाणी हवं असेल तेव्हा हे वाक्य. आता सांगा, जो माणूस पाणी मागायला माझ्यापर्यंत चालत येतो, माझं बोलणं साठवून ठेवतो, तो कुठे बुडालाय?

ओसरी

नाचणीताई, याला इकोलेलिया म्हणतात. 'मी'च्या जागी 'तू' येणं कॅनर यांनीही नोंदवलं होतं. मराठीत याला 'पोपटपंची' म्हणू नका, एवढीच सगळ्यांना विनंती. पोपटपंचीत अर्थ नसतो, यात असतो.

मी विशेष शिक्षिका आहे. अर्धविराम, पुस्तिकेत शब्द कुठलाही घ्या, पण निदान कशावरून होतं ते नीट येऊ द्या. रक्ततपासणी नाही, एमआरआय नाही. (काही वेळा डॉक्टर त्या सांगतात त्या फिट्स किंवा एखादा जनुकीय आजार आहे का हे बघायला.) निदान होतं ते मुलाच्या वागण्याचं निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणं यावरून. 2013 च्या डीएसएम-5 नुसार दोन बाजू लागतात. एक, लोकांशी देवाणघेवाण: नजर, हावभाव, गप्पांची फेक-झेल, मैत्री. दुसरी, तोच-तोपणा: हात फडफडवणं, डबे एका रांगेत लावणं, नेहमीचा रस्ता बदलला की कोसळणं, एखाद्या विषयाचा प्रचंड ध्यास, आणि आवाज, स्पर्श, चव यांचा अतिरेकी त्रास किंवा उलट त्याकडे दुर्लक्ष. दोन्ही बाजू हव्यात, आणि सुरुवात लहानपणीच झालेली हवी. 'स्वमग्न' हा शब्द फक्त पहिल्या बाजूकडे बघतो. दुसरीचा त्यात मागमूस नाही. माझी शब्दाबद्दल तक्रार आहे ती ही.

सेविकांसाठी सगळ्यांत उपयोगी खूण सांगते: बोट दाखवणं. साधारण दीड वर्षाचं मूल आकाशात विमान दिसलं की बोट दाखवतं आणि मग आपल्याकडे बघतं, 'तुलाही दिसलं ना?' म्हणून. हवी ती वस्तू दाखवणं वेगळं. हे नुसतं वाटून घेण्यासाठी दाखवणं. ते नसेल, हाकेला प्रतिसाद नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नये. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची चाळणी आहे. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हेही ठळक छापा.

आणि 'गतिमंद' काढलात ते उत्तम केलंत. बौद्धिक अक्षमता ही वेगळी गोष्ट. ती काही ऑटिस्टिक मुलांत सोबत असते, अनेकांत नसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत दोन्ही वेगवेगळे आहेत. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे इसा ही 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. शासनाच्या मराठी कागदांत 'स्वमग्न' हाच शब्द भेटतो, त्यामुळे तो पुस्तिकेतून पूर्ण काढलात तर आई-वडील अर्ज भरताना गोंधळतील.

गवतीचहा

हल्ली मोबाईलमुळे फार मुलांना ऑटिझम होतोय म्हणे. 'व्हर्च्युअल ऑटिझम' असा व्हिडिओ आला होता.

पिंपळपान

तसं कुठलंही मान्य निदान नाही. दिवसभर पडद्यासमोर ठेवलेल्या मुलाची भाषा मागे पडू शकते, आणि पडदा कमी केला की काही मुलं भराभर सुधारतातही. पण त्याला ऑटिझमचं नाव देऊन आपण परत तिथेच आलो: आईने मोबाईल दिला म्हणून. फ्रीजच्या जागी मोबाईल आला, बाकी तेच.

बराचसा भाग आनुवंशिक आहे, आणि त्यात शेकडो जनुकांचा हात आहे. फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजारासारख्या थोड्या प्रकरणांत एकच जनुक सापडतं. आईवडिलांचं वाढलेलं वय, फार अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, गरोदरपणात फिट्ससाठी घेतलेलं व्हॅल्प्रोएट यांनी शक्यता वाढते. (हे वाचून कोणी फिट्सचं औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.) लसीचा संबंध नाही. तो संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांचा 1998 चा लेख अवघ्या 12 मुलांवरचा होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्यांचा वैद्यकीय परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, 2019 मध्ये ती छापून आली. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही.

ओसरी

आणि गवतीचहा, क्रियापद बघा: 'ऑटिझम होतोय'. गोवर होतो, कावीळ होते. ऑटिझम असतो. 'झाला' म्हटलं की पुढचा प्रश्न 'बरा कधी होणार?', आणि मग तो बरा करून देणारे दारात उभेच असतात. 'ग्रस्त', 'पीडित' हेही त्याच घरातले.

एकटा_दुकटा

उशिरा आलो. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान पस्तिशी उलटल्यावर झालं. लहानपणी मला 'माणूसघाणा' म्हणायचे.

कार्यालयातल्या लग्नात बसलो की पंखा, सनई, मागच्या पंगतीतली ताटं, समोरच्या काकांचं बोलणं, सगळं मला एकाच पट्टीत ऐकू येतं. काका "काय रे, लक्ष कुठंय?" विचारतात. लक्ष सगळीकडे आहे, हाच तर त्रास! त्यामुळे 'स्वमग्न' ऐकलं की हसू येतं. मग्न व्हायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की समजण्यातली अडचण दुहेरी आहे: आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. 'स्वमग्न' हा शब्द सगळा दोष एकाच बाजूला टाकतो. मी स्वतःला 'ऑटिस्टिक' म्हणतो. 'ऑटिझम असलेली व्यक्ती' म्हणायलाही हरकत नाही, पण तोंडभर होतं. आणि 'सौम्य ऑटिझम' म्हणताना जपून. सौम्य तो बघणाऱ्याला असतो.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. मी असं करते: पुस्तिकेत सगळीकडे 'ऑटिझम' आणि 'ऑटिस्टिक मूल', पहिल्या पानावर एकदाच 'शासकीय कागदपत्रांत याला स्वमग्नता म्हणतात' अशी ओळ. 'आत्मकेंद्रित' आणि 'आत्ममग्न' बाद. दुसरा समीक्षकांना कवींसाठी लागतो, त्यांच्याकडेच राहू दे.

एकच अडलंय. स्टिमिंगला, म्हणजे त्या हात फडफडवण्या-डोलण्याला, काय लिहू? मसुद्यात 'स्व-उत्तेजन' आहे आणि ते वाचताना मलाच लाज वाटतेय.

ओसरी

बापरे, ते नकोच. सेविका पुस्तिका मिटवतील.

नाचणी

आमच्या घरात 'भिरभिर' म्हणतात. "आत्ता त्याची भिरभिर चाललीय, जरा थांबा." शेजारच्यांनाही कळतं.

एकटा_दुकटा

भिरभिर! हा मी घेतला.

अर्धविराम

गोड आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळायचं नाही. 'हात फडफडवणे, डोलणे, गोल फिरणे' असं सरळ लिहिते. कंसात भिरभिर टाकून बघते, बाकीचे दोघं लेखक काय म्हणतात ते कळवीन.