सेसिल ऱ्होड्स: कागदावरचे आणि कागदाबाहेरचे
दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश खाणमालक आणि साम्राज्यवादी ऱ्होड्सला ‘त्याच्या काळाचा माणूस’ म्हणून सोडून द्यावे, हे मत मला पटत नाही. ऱ्होड्सचा भागीदार चार्ल्स रड याने केलेल्या १८८८ च्या रड करारात आजच्या झिम्बाब्वेतील लोबेंगुला राजाला दरमहा १०० पौंड, १,००० मार्टिनी-हेन्री बंदुका आणि झांबेझी नदीवर एक तोफनौका (जी कधी पोहोचलीच नाही) कबूल करून त्याच्या मुलखातील खनिजांचे हक्क लिहून घेतले गेले. दहापेक्षा अधिक गोरे खणायला येणार नाहीत, हे तोंडी आश्वासन मात्र कागदावर उतरले नाही. राजाने पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीला पत्र धाडून करार नाकारला, म्हणजे आक्षेपही त्याच काळातला होता. ऱ्होड्सच्या नावाने ऑक्सफर्डला मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांचे मोल आहेच, पण त्यांमागे दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांचा पैसा होता, आणि तिथले आफ्रिकी खाणकामगार नोकरीची मुदत संपेपर्यंत कुंपणाआड कोंडलेले असत.