फ्रान्समधल्या जुन्या शातोत दोन रात्री – मदत हवी आहे (तातडीची)

मृण्मयी_आर: ल्वार खोऱ्यात जुन्या शातोमधल्या (म्हणजे सरदारी वाडा किंवा राजवाडा) हॉटेलात दोन रात्री राहायचंय, आईबाबांसोबत. तीन ठिकाणं निवडलीत. उद्यापर्यंत बुकिंग करायचंय. कोणी राहिलंय का? कुठलं घेऊ? प्लीज लवकर सांगा.

वाटाड्या: कुठली तीन? महिना कोणता? गाडी घेणार का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

प्राजू: शातोत राहूच नका. तूर शहरात स्टेशनजवळ हॉटेल घ्या. तिथून शनाँसोचा शातो बघायला लोकल ट्रेनने जेमतेम अर्धा तास लागतो आणि स्टेशन अगदी शातोच्या फाटकाशी आहे. शांबोरच्या शातोसाठी ब्ल्वा शहराहून सीझनमध्ये बस असते. शातोच्या भाड्यात तूरला चार दिवस निघतील.

अण्णा_नाशिककर: प्राजूताई, त्यांना राहायचंच आहे ना? आम्ही राहिलोय. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, खिडक्यांना जाड लाकडी झडपा, सकाळी बागेत आपल्याशिवाय कुणी नाही. ते तूरला कुठून मिळणार?

सुहास_प: शेंगेन व्हिसासाठी प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा, विसरू नका.

मृण्मयी_आर: व्हिसा, विमा सगळं झालंय हो. सप्टेंबर. गाडी नाही. बाबांना जिने झेपत नाहीत.

वाटाड्या: अहो, हे आधी सांगायचं! बऱ्याच शातोंत लिफ्ट नसते, संरक्षित इमारतीत ती बसवणं सोपं नसतं. बुरुजातली खोली फोटोत छान दिसते, पण वर जायला गोल दगडी जिना. तळमजल्यावरची खोली आहे का, हे मेल करून विचारा. जुन्या तबेल्यात केलेल्या खोल्याही असतात, त्या बहुधा खालीच. टॅक्सी आधीच ठरवा, गावात ऐनवेळी मिळत नाही.

अण्णा_नाशिककर: शांब्र दोत (मालकाच्या घरातच पाहुण्यांच्या खोल्या) प्रकारचा शातोही बघा. जास्तीत जास्त 5 खोल्या आणि 15 पाहुणे असा नियमच आहे, नाश्ता भाड्यातच. मालक स्वतः लक्ष घालतात.

इतिहासवेडा: शांबोर चुकवू नका! 1519 साली राजा फ्रान्स्वा पहिल्याने काम सुरू केलं. चारशेहून जास्त खोल्या. दुहेरी जिना असा की चढणारा आणि उतरणारा समोरासमोर येतच नाहीत. लिओनार्दो दा विंचीचं डिझाइन.

प्राजू: लिओनार्दोचं म्हणतात, पुरावा नाही. तो त्याच वर्षी मे महिन्यात आंब्वाज गावी वारला.

इतिहासवेडा: वारला म्हणून आराखडा आधी काढला नसेल असं थोडंच आहे? राजाच्याच पदरी होता.

वाटाड्या: लिओनार्दोचा वेगळा धागा काढा. बाबांना जिनाच नकोय इथे.

मृण्मयी_आर: एका ठिकाणाहून उत्तर आलं. तळमजल्यावर खोली आहे, स्टेशनवर टॅक्सी पाठवतील. पण रविवारी रात्री आणि सोमवारी रेस्टॉरंट बंद. आमचं शनिवार-रविवार ठरलंय.

वाटाड्या: शुक्रवार-शनिवार करा. रविवारी संध्याकाळी खेड्यात दुकानंही बंद असतात. आणि शाकाहारी असाल तर आत्ताच कळवा, मेन्यू ठरलेला असतो.

मृण्मयी_आर: आई शाकाहारी आहे. अंडं चालतं. कळवते लगेच.