न ऐकलेली टेप : तुमचा अनुभव सांगा

ज्या बँडवर जीव लावला, त्याचं अगदी सुरुवातीचं, बाजारात कधी न आलेलं काम ऐकायची ओढ तुम्हाला लागली आहे का? मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करतो.

मी भुसावळचा. रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारच्या काकांकडे बीटल्सची कॅसेट होती, ती ऐकली तेव्हा मी दहावीत होतो. ६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलच्या वूल्टन भागात चर्चच्या जत्रेत १६ वर्षांचा जॉन लेनन ‘क्वारीमेन’ या आपल्या बँडबरोबर गायला. हाच बँड पुढे बीटल्स झाला. पॉल मॅकार्टनी त्याला पहिल्यांदा भेटला तो त्याच दिवशी. संध्याकाळचं गाणं तिथल्या एका तरुणाने टेप केलं होतं. १९९४ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ती टेप लिलावात ७८,५०० पौंडांना घेतली. लोकांच्या कानावर आला तो जेमतेम एक तुकडा. आवाज खराब असेल, असू दे. मला त्या हॉलमधली खुर्च्यांची सरकासरकसुद्धा ऐकायची आहे.

धुळ्याहून
दादा, मला क्वारीमेनची १९५८ ची तबकडी आठवली. पाच पोरांनी मिळून साडेसतरा शिलिंग भरले, हातात तबकडी आली एकच. मग प्रत्येकाने ती एकेक आठवडा घरी ठेवायची असं ठरलं. शेवटच्या मुलाकडे ती वीसेक वर्षं तशीच राहिली, आणि १९८१ मध्ये पॉलने ती त्याच्याकडून विकत घेतली. आम्ही पाच बहिणींनी आत्याच्या भुलाबाईच्या गाण्यांची कॅसेट अशीच फिरवली होती. एका भाच्याने तिच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री भरली. आत्या गेली, आता शेवटच्या गाण्याची दीड ओळ तेवढी उरली आहे. क्वारीमेनची तबकडी १९९५ मध्ये लोकांसाठी आली तेव्हा मी रडले होते, ते कशासाठी हे घरात कोणाला कळलं नाही.

जळगावहून
माझा बँड पिंक फ्लॉइड, इंग्लंडचा रॉक बँड. त्यांची १९६५ ची रेकॉर्डिंग २०१५ मध्ये निघाली, १,०५० प्रती. युरोपात ५० वर्षांत प्रसिद्ध न केलेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क जातो, म्हणून कंपन्या असं जुनं काम थोड्या प्रतींत काढून ठेवतात. म्हणजे ते आपल्यासाठी काढलेलं नसतंच. मला याचं फार वाईट वाटतं.

अमळनेर तालुक्यातून
माझा बँड लग्नाचा. आमच्या गावचा. क्लॅरोनेट वाजवणाऱ्या नानांच्या मागे मी लहानपणी कानबाईच्या मिरवणुकीत नदीपर्यंत चालत जायचो, पायात चप्पल नसायची. १९९४ च्या उन्हाळ्यात लग्नाच्या तिथी संपल्यावर नानांनी सगळ्यांना घेऊन सुरत गाठलं आणि एका छोट्या स्टुडिओत अहिराणी गाण्यांची तासाभराची कॅसेट भरली. पैसे लावणारा मागे सरला. कॅसेट आलीच नाही. नंतर कीबोर्ड आला, मोठे स्पीकर आले, नानांचा बँड बदलला. आज तो मोठा आहे, सुपारी आधी द्यावी लागते, पण मी ज्याच्या मागे चाललो तो आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये आहे. ती नानांच्या पत्र्याच्या पेटीत, ताशाच्या काड्यांखाली. दर आखाजीला मी मागतो. नाना म्हणतात, “आते काय शे त्यामा, भो?”
नाना, सगळं त्यातच आहे हो.

नंदुरबारहून
मला वेगळं वाटतं. कलाकाराला जे द्यायचं नव्हतं ते मागू नये. नानांनी नको म्हटलं तर नको.

असोद्याहून
ताई, पटतं, पण पूर्ण नाही. बहिणाबाई आमच्या गावची लेक. त्यांच्या ओव्या त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या माघारी, पुस्तक झालं. शेतात, घरोट्यावर म्हटलेल्या आणि कोणी न लिहिलेल्या किती गेल्या असतील! मी ते शेत बघते तेव्हा त्याच ऐकू येतात.

धुळ्याहून, पुन्हा
अमळनेरच्या भाऊ, नाना हो म्हणाले तरी ती कॅसेट लगेच लावू नका. आधी आतला फेल्टचा तुकडा जागेवर आहे का ते बघा, गळून पडला असेल तर आवाज दबतो. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका. स्क्रूवाली असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात बदलता येते. माझ्याकडे चालू डेक आहे. नानांनाही सोबत आणा, त्यांच्यासमोरच लावू.