नागपूरच्या उन्हात ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइल पातळ पडतं का? (डिझायर डिझेल)

वर्धारोडकर:
नमस्कार मंडळी. डिझायर डिझेल, २०१५ ची, १ लाख १२ हजार किमी झालेत. दर शनिवारी आई-बाबांकडे अमरावतीला, बाकी दिवस पोरीची शाळा आणि ऑफिस. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० दिलंय, आजवर तेच टाकलं. या वेळी मेकॅनिक म्हणतो, "भाऊ, गाडी जुनी झाली, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, इतकं पातळ ऑइल टिकत नाही. २०डब्ल्यू-४० टाका, आवाजही कमी होईन." शिवाय मागचं ऑइल हजार किमीतच काळं पडलं होतं, त्यानं फडक्यावर पुसून दाखवलं. तेव्हापासून धाकधूक होऊन राहिली. गाडी अजून चार-पाच वर्षं वापरायची आहे. काय करू?

गॅरेजवाला_इचलकरंजी:
भाऊ, २०डब्ल्यू-४० अजिबात टाकू नका. बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेर ४५ असो की २५, गाडी तापली की थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी ९० च्या आसपासच ठेवतो. ऑइलच्या नावातला ३० हा आकडा १०० डिग्रीला मोजलेल्या जाडीचा. म्हणजे तुमच्या उन्हाचा हिशेब त्यात आधीच धरलाय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, पण आपल्याकडे बर्फ नाही म्हणून तो सोडून द्यायचा नाही. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल मे महिन्यातसुद्धा तापलेल्या ऑइलपेक्षा कितीतरी जाड असतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते वर टायमिंग चेनला (इंजिनचे भाग एका तालात फिरवणारी साखळी), टर्बोच्या बेअरिंगला जितक्या लवकर पोचेल तितकी झीज कमी. तुमच्या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो.

दोन वर्षांपूर्वी असंच जाड ऑइल घातलेली एक डिझायर आली. ऑइल बदलायच्या तारखाही चुकवलेल्या. सकाळी सुरू केली की खडखड. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवला तर तळाशी काकवीसारखा काळा थर आणि ऑइल वर खेचायची जाळी निम्मी बुजलेली. मालक रिक्षाच्या पैशातून घर चालवणारा माणूस. बिल सांगताना माझाच घसा दाटला.

काळं पडण्याची भीती काढून टाका. डिझेलची काजळी ऑइल धरून ठेवतं म्हणून ते काळं होतं, ते त्याचं कामच आहे. बदलायचं ते १० हजार किमी किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा. शाळेच्या छोट्या फेऱ्या जास्त असतील तर मी ७-८ हजारालाच बदलतो. फिल्टर आणि ड्रेन नटचा (ज्यातून जुनं ऑइल काढतात तो) वॉशर दर वेळी नवा. डब्यावर पुस्तकातलं डिझेलचं स्पेसिफिकेशन जुळवून घ्या, नुसता ग्रेड बघून पेट्रोलचं उचलू नका.

गाडी खरंच ऑइल खात असेल, म्हणजे ते आपोआप कमी होत असेल, तर वेगळी गोष्ट. तेव्हाही पुस्तकात मुभा असेल तरच ५डब्ल्यू-४०. लेव्हल किती उतरते ते बघितलंय का?

चिंचवडची_मीरा:
एक भर घालते. डबा स्वतः आणा, सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा भोक पाडून मगच टाका. चांगल्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यांत भलतंच ऑइल भरून विकतात.

वर्धारोडकर:
दादा, ताई, मनापासून आभार. आज सकाळी सपाट जागेवर, गाडी सुरू न करता डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पाहिली. पुसून परत घातली, दोनदा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली आहे! मेकॅनिकनं रंग दाखवला, लेव्हल पाहिलीच नाही.

गॅरेजवाला_इचलकरंजी:
मग ग्रेडचा विषय नंतर. आधी तेच ५डब्ल्यू-३० अर्धा लिटर टाका, दहा मिनिटं थांबून बघा, लागेल तसं थोडं थोडं वाढवा. वरच्या खुणेच्या पुढे नको. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, फिल्टर आणि ड्रेन नटखाली थेंब पडतात का बघा. सुरू करताना निळा धूर येतो का, म्हणजे ऑइल जळतंय का, तेही कुणाला तरी मागे उभं करून बघायला सांगा. हे कळेपर्यंत या शनिवारी अमरावतीला बसनं जा, भाऊ.