मदत हवी आहे: ड्रंक अँड ड्राइव्हचा दंड ऑनलाइन दिसतच नाहीये, भरायचा कुठे? (अर्जंट)

उतावळा
नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री नाकाबंदीत पकडलं. मशीनमध्ये फुंकायला लावलं, जास्त आलं म्हणून लायसन्स ठेवून घेतलं आणि हातात कागद दिला. आता ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला तर पार्किंगचं जुनं चलान दिसतंय, हे दिसतच नाही. सोमवारच्या आत भरून मोकळं व्हायचंय. कुठे भरायचा तेवढंच सांगा. दारू वाईट असते हे माहीत आहे, लेक्चर नको.

गियरबॉक्स
ब्राउझरची हिस्ट्री साफ करून बघा. माझं हेल्मेटचं चलान असंच अडकलं होतं, नंतर आपोआप दिसलं. हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर मागे बसणाऱ्यालाही ते लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काळा कोट
हिस्ट्री साफ करून काही होणार नाही. हे मोटार वाहन कायद्याचं कलम 185. दंड भरून परस्पर मिटवता येतात ते गुन्हे कलम 200 मध्ये दिलेत, त्यात 185 नाही. लोकअदालतीतही याच कारणाने चालत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं. पहिल्यांदा असेल तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा असेल तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 किंवा दोन्ही.
आता हे सांगा: मशीनचा आकडा किती? आधी कधी केस झाली होती का? कुणाला धक्का लागला होता का?

उतावळा
धक्काबिक्का काही नाही. पहिलीच वेळ. सोमवारची तारीख दिलीय. आकड्याने काय फरक पडतो, जास्त म्हणजे जास्त.

निवांत
एकदम सोपं आहे. सकाळी कोर्टात जा, 'गुन्हा कबूल' म्हणा, दंड भरा, दुपारी घरी जेवायला. माझ्या मित्राने हेच केलं. वकील केलात की तारखांवर तारखा, आणि फी दंडापेक्षा जास्त.

सुरवंट
कबूल कशाला करायचं? माउथवॉश वापरला होता म्हणून सांगा. मी असतो तर फुंकलोच नसतो. पुरावाच नाही तर केस कसली?

काळा कोट
सुरवंट, असले सल्ले देऊ नका हो. फुंकायला नकार दिला आणि प्यायल्याचा संशय असला तर कलम 203 खाली वॉरंटशिवाय अटक होते. वर 205 प्रमाणे तो नकारच पोलिसांच्या पुराव्याला जोड म्हणून धरता येतो.

कंपाउंडर
माउथवॉशचा अल्कोहोल तोंडातून 15-20 मिनिटांत जातो. थोडं थांबून पुन्हा फुंकलं तर आकडा धाडकन खाली येतो. पोटात गेलेल्याचं तसं नसतं. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम (100 मिली रक्तामागे) या गतीनेच तो काढतं. लिंबू चोखा, काळी कॉफी प्या, डोक्यावर पाणी ओता, ती गती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत बसलेला माणूस सकाळी ऑफिसला जातानाही 30 च्या, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या, वर असू शकतो.

सुरवंट
30 म्हणजे किती पेग?

कंपाउंडर
वजन, पोटात काय आहे, किती वेळात घेतली, यावर आहे. पेगचा हिशोब मी देणार नाही.

शेंगदाणा
उतावळे साहेब, एक कळलं नाही. 'पकडलं' म्हणजे कुणाला? पूर्ण पोस्टमध्ये कर्ताच नाही.

उतावळा
अहो भाच्याला. तो चालवत होता ना, लायसन्स त्याचंच घेतलं. गाडी माझी, मी शेजारी बसलो होतो. मी जास्त घेतली होती म्हणूनच तर चावी त्याला दिली. यात न कळण्यासारखं काय आहे? भरायचं कुठे ते सांगा.

काळा कोट
हे आधी सांगायला हवं होतं राव. म्हणजे आरोपी भाचा आहे, तुम्ही नाही. त्याच्या वतीने तुम्ही काही 'भरून टाकू' शकत नाही. शिवाय कलम 188 आहे: 185 च्या गुन्ह्याला अपप्रेरणा (चिथावणी किंवा मदत) दिली तर शिक्षा तीच. कागदावर तुमच्या नावापुढे काही लिहिलंय का ते आजच बघा. आणि 'मीच चावी दिली' हे असं सगळीकडे लिहीत बसू नका.

निवांत
घाबरवू नका हो त्यांना. पोरगा तरुण आहे, कबूल करेल, विषय संपेल.

काळा कोट
निवांत, कबुली म्हणजे दोषसिद्धी. तुमचा मित्र सुटला नाही, त्याला शिक्षा झाली, ती दंडाची होती एवढंच. पुन्हा सापडला तर थेट 'दुसऱ्यांदा'च्या खान्यात. पूर्वी त्याला तीन वर्षांची मुदत होती, 2019 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली.
भाचा करतो काय? सरकारी नोकरी, परीक्षा, पासपोर्ट, काही चाललंय का?

उतावळा
त्याचं काय मध्येच? कॅनडाला शिकायला जायचंय, अ‍ॅडमिशन झालंय, व्हिसाचे कागद चाललेत. म्हणून तर सोमवारी मिटवायचंय!

बर्फातली बया
थांबा थांबा थांबा. दादा, सोमवारी त्याला काहीही कबूल करू देऊ नका. मी इथे टोरांटोत आहे. डिसेंबर 2018 पासून कॅनडात दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा 10 वर्षं झाली, त्यामुळे इमिग्रेशनवाले हा गुन्हा गंभीर गुन्हेगारीत धरतात. बाहेरच्या देशात शिक्षा झाली असेल तरी इथल्या कायद्याशी ताडून बघतात. अडकला तर शिक्षा भोगून 5 वर्षं झाल्यावर अर्ज करायची सोय, किंवा मग खास तात्पुरता परवाना मागत बसायचं.

निवांत
तिथे बसून इथल्या कोर्टातलं कोण बघतंय?

बर्फातली बया
फॉर्ममध्ये थेट प्रश्न असतो, कुठल्याही देशात अटक, आरोप किंवा शिक्षा झाली आहे का. खोटं लिहिलं आणि सापडलं तर 5 वर्षं दार बंद, ते वेगळंच. उतावळे दादा, आकडा सांगा. इथली मर्यादा 80 आहे, भारतात 30. मधला आकडा असेल तर 'हा तुमच्याकडे गुन्हाच ठरत नाही' असं मांडायला थोडी जागा असते. फक्त गाडी वेडीवाकडी चालवत होता, असा शेरा कागदावर नसावा. इथल्या इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्या.

उतावळा
कागद खिशातच होता, पँटबरोबर धुवायला जाणार होता. थर्मल प्रिंट आहे, अर्धी उडालीय. 48 वाटतंय. 43 पण असू शकतं. माझ्या नावापुढे काही नाही. बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही.

काळा कोट
आत्ता उजेडात नेऊन फोटो काढा, उद्या तेवढंही दिसणार नाही. मग एक स्थानिक फौजदारी वकील गाठा. गुन्हा जामीनपात्र आहे, भाच्याने हजर राहायचं, कागदपत्रांच्या प्रती मागायच्या, कबुली न देता पुढची तारीख घ्यायची. मशीन तपासल्याचा दाखला आहे का, अटक दाखवली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का, हे तो वकील बघेल. शेवटी दोषी ठरलाच तर 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली दंडाऐवजी चांगल्या वर्तणुकीवर सोडण्याची विनंती करता येते. कोर्ट ऐकेलच असं नाही, आणि कॅनडा त्याला काय मानेल तेही तिथल्या इमिग्रेशन वकिलालाच विचारा.
लायसन्स 206(4) खाली आरटीओकडे जाईल, निदान 3 महिने निलंबन धरून चाला. पोच घेतलीय ना? तोवर त्याने गाडीला हात लावायचा नाही.

गियरबॉक्स
आणि इन्शुरन्स बघा. पिऊन ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम देत नाहीत.

शेंगदाणा
त्यांनी ठोकलेली नाही हो.

गियरबॉक्स
माहितीसाठी सांगितलं. 2006 ची कार्टर रोडची केस आठवा, फुटपाथवर झोपलेले 7 मजूर गेले. त्यात सदोष मनुष्यवध लागला आणि 3 वर्षांची सजा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली. 48 काय आणि 148 काय, नशिबाने कुणी आडवं आलं नाही.

उतावळा
लेक्चर नको म्हटलं होतं. वकिलाला फोन लावतोय, रविवार आहे, उचलत नाहीये. कबुली द्यायची नाही एवढं पक्कं ना?

काळा कोट
वकिलाशी बोलल्याशिवाय नाही. आणि तो फोन भाच्याला करू दे, केस त्याची आहे. बहिणीलाही आजच सांगा, व्हिसाचे कागद तीच जमवत असेल.

सुरवंट
जाता जाता, सायकलला हे लागू होतं का?

काळा कोट
185 मोटार वाहनाला आहे. इलेक्ट्रिक का साधी?

सुरवंट
इलेक्ट्रिक. पण पॅडलही आहे.