मदत हवी आहे: भाच्याने निवडलेली अल्टकॉइन्स पारखायची कशी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहितोय, कारण प्रश्न पैशांचा आहे आणि घरातला आहे.

माझा भाचा चाकणला एका कंपनीत नोकरीला लागलाय. एकटा राहतो, खर्च कमी, महिन्याला बऱ्यापैकी शिल्लक पडते. गेले काही महिने त्याने क्रिप्टोचा ध्यास घेतलाय. बिटकॉइन त्याला महाग वाटतं. "त्यात जे व्हायचं ते होऊन गेलं मामा, आता पुढची नाणी बघायची," असं म्हणतो. पुढची नाणी म्हणजे अल्टकॉइन्स, बिटकॉइन सोडून बाकीची क्रिप्टो नाणी. त्याची यादी अशी: सोलाना, पॉलिगॉन, डोजकॉइन, शिबा इनू आणि टेलिग्रामच्या एका ग्रुपवर सुचवलेलं एक नवं टोकन. हे शेवटचं नाणं अजून कुठल्याच एक्स्चेंजवर (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) आलेलं नाही, आणि म्हणूनच आत्ता घ्यायचं, असं त्याचं म्हणणं.

माझ्या ताईची मुदत ठेव लवकरच पूर्ण होतेय. त्यातलेही काही पैसे यात घालावेत, असं त्याने आईला जवळजवळ पटवलंय. ताईने मला फोन करून विचारलं, "तूच बघ बाबा, मला यातलं काही कळत नाही."

"हा सगळा जुगार आहे" एवढं म्हणून मला मोकळं व्हायचं नाही. पोरगा हुशार आहे, वाचतो. मी नुसतं नाही म्हटलं, तर तो पुढच्या वेळी मला विचारणार नाही आणि टेलिग्रामवाल्यांना विचारेल. मला त्याच्यासोबत बसून एकेक नाणं तपासायचं आहे.

मी वाचलं ते असं. बिटकॉइन २००९ मध्ये आलं, २०११ मध्ये लाइटकॉइन, २०१५ मध्ये इथेरियम. इथेरियमवर इतरांना स्वतःचे प्रोग्राम चालवता येतात, त्यामुळे त्याचं महत्त्व मला समजतं. पण त्यानंतर जी हजारो नाणी निघाली, त्यांतलं भरीव कोणतं आणि पोकळ कोणतं, हे नवख्या माणसाने ओळखायचं कशावरून? भाचा म्हणतो, शिबा एक पैशाच्याही खाली आहे, ते एक रुपयाला गेलं तरी आपलं भलं होईल. ऐकायला बरोबर वाटतं, आणि यात कुठे चुकतंय ते मला नेमकं सांगता येत नाही. बाजारमूल्यात पहिल्या दहांत असलेलं नाणं सुरक्षित मानायचं का? प्रकल्प खरा असला, तर नाण्याचा भाव वाढतोच का? आणि कराचं काय?

जाणकारांनी कृपया वेळ काढून लिहावं.

आकडेमोड

शिबापासून सुरुवात करू, कारण त्या एका हिशेबात बरंच काही उलगडतं.

एका नाण्याचा भाव एकटा काहीच सांगत नाही. भाव गुणिले बाजारात फिरणारी नाणी, म्हणजे बाजारमूल्य, हा आकडा बघायचा. शिबा इनूची फिरती नाणी साधारण ५८९ लाख कोटी आहेत. प्रत्येक नाणं एक रुपयाला गेलं, तर सगळ्यांची मिळून किंमत होते ५८९ लाख कोटी रुपये. भारताचं २०२४-२५ चं सकल देशांतर्गत उत्पादन साधारण ३३० लाख कोटी रुपये. म्हणजे आपला सबंध देश वर्षभरात जे काही पिकवतो आणि बनवतो, त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त पैसा या एका नाण्याची किंमत ठरायला हवा. शिबाने सर्वोच्च भाव गाठल्याचा जो गाजावाजा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाला, तो भावही एका पैशाच्या आतच होता. हा गुणाकार तुम्ही सांगू नका, भाच्याला कागदावर करायला लावा. स्वतः केलेलं गणित माणूस विसरत नाही.

दुसरा प्रश्न, नाणी पुढे किती वाढणार? बिटकॉइन २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाही, लाइटकॉइन ८ कोटी ४० लाखांपुढे. डोजकॉइनला मर्यादाच नाही. दर मिनिटाला सुमारे १०,००० नवी नाणी तयार होतात, वर्षाला ५०० कोटींच्या आसपास. एवढ्यावरून ते टाकाऊ ठरत नाही, पण भाव नुसता आहे तिथे राहायलाही दरवर्षी एवढ्या नव्या नाण्यांना गिऱ्हाईक लागणार.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: नाणी कोणाच्या हातात आहेत? पुष्कळ नव्या टोकनांत थोडीच नाणी बाजारात फिरत असतात, बाकीची संस्थापक आणि सुरुवातीचे गुंतवणूकदार यांच्याकडे कुलूपबंद असतात. ठरलेल्या तारखांना कुलपं उघडतात आणि ज्यांना ती जवळजवळ फुकट मिळालेली असतात ते विकायला येतात. म्हणून फिरती नाणी आणि एकूण नाणी हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. एक्सआरपी नावाच्या क्रिप्टोची १०,००० कोटी नाणी सुरुवातीलाच तयार केली होती आणि त्यांतली ८,००० कोटी रिपल कंपनीकडे गेली. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्यांतली ५,५०० कोटी कुलूपबंद केली आणि महिन्याला किती सुटणार ते जाहीर केलं. हे आवडो न आवडो, निदान कुणालाही बघता येतं. टेलिग्रामवाल्या टोकनाचा पत्ता (त्याची अक्षर-अंकांची ओळख) मागून घ्या आणि ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे नाण्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाका. कोणत्या वॉलेटमध्ये (नाणी ठेवायच्या खात्यात) किती नाणी आहेत याची यादी मिळते. दोन-चार वॉलेटांत निम्म्याहून जास्त माल असेल, तर भाव त्यांच्या मर्जीवर आहे.

पहिल्या दहांबद्दल: लुना पहिल्या दहांत होतं. त्याच्या जोडीचं यूएसटी नावाचं नाणं कायम एक डॉलरला राहील असं सांगितलं जाई आणि ते अँकर नावाच्या योजनेत ठेवलं की वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. एप्रिल २०२२ मध्ये लुनाचा भाव ११० डॉलरच्या वर गेला होता. मे महिन्यात यूएसटीचा भाव एका डॉलरखाली घसरला, तो सावरण्यासाठी यंत्रणेने लुना छापत नेलं, आणि काही दिवसांत नाण्यांची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली. भाव शून्याला टेकला. २० टक्के येतात कुठून, हे विचारणाऱ्यांची तेव्हा चेष्टा होत होती. हा प्रश्न भाच्याने प्रत्येक ठिकाणी विचारावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मुळाकाठी

वरच्या प्रतिसादाला +१. मी फक्त पाचव्या टोकनाबद्दल लिहिते.

पुण्यात गेनबिटकॉइन ही योजना बऱ्याच जणांना आठवत असेल. महिन्याला १० टक्के परतावा, असा १८ महिने. लोकांनी बिटकॉइन दिले. परतफेडीची वेळ आली तेव्हा एमकॅप नावाचं त्यांचं स्वतःचंच टोकन हातावर ठेवलं. ती चालवणाऱ्या अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. त्याच्या आदल्या वर्षी नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनचा प्रचार करणाऱ्यांना पकडलं होतं. त्या वनकॉइनच्या मागे तर कुणाला तपासता येईल अशी ब्लॉकचेनच, म्हणजे व्यवहारांची सामायिक नोंदवहीच, नव्हती. एमकॅप काय, वनकॉइन काय, अल्टकॉइन म्हणूनच लोकांच्या गळी उतरवली गेली.

एक्स्चेंजवर नसलेल्या टोकनाचा भाव म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेला आकडा. २०२१ मध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर टोकन निघालं होतं. भाव २,८०० डॉलरच्या वर गेलेला सगळ्यांना पडद्यावर दिसत होता, पण घेतलेल्यांना ते विकताच येत नव्हतं. मग बनवणारे पैसे घेऊन पसार झाले. म्हणून एकच विचारा: घेतलं, तर आजच्या आज विकता येतं का? "लिस्टिंग झाल्यावर" (म्हणजे एक्स्चेंजवर आल्यावर) असं उत्तर आलं की तिथेच थांबा. माणसं जोडली की जादा टोकन, असलं काही असेल तरीही. पैसे आधीच गेले असतील, तर ताबडतोब १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा, उशीर नको.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री भाच्याशी फोनवर बराच वेळ बोललो. पाचव्या टोकनात त्याने अजून पैसे घातलेले नाहीत, हे ऐकून ताईला हायसं वाटलं. विकता येतं का, हे त्याने ग्रुपवर विचारलं, तर त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. शिबाचा गुणाकार केल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

पण पॉलिगॉनवर तो ठाम आहे. म्हणतो, हे आपल्या लोकांनी उभं केलंय, आपल्या सरकारनेही वापरलंय. यावर काय म्हणू?

वैदेही_नागपूर

मी याच क्षेत्रात सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे तुमच्या भाच्याची ओढ मला समजते. तो म्हणतो ते खरं आहे. पॉलिगॉन २०१७ मध्ये मॅटिक या नावाने भारतातूनच सुरू झालं. २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉनवर करण्यात आली, ६५,००० दाखल्यांचा तो उपक्रम होता. दाखला खरा की खोटा, हे कुणालाही पडताळता यावं, हा हेतू. इतक्या दूरच्या तालुक्यात हे तंत्र पोहोचलं, याचा मला अभिमान वाटतो.

आता भाव बघा. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिगॉनचं नाणं मॅटिक २.९ डॉलरवर होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं पीओएल या नव्या नाण्यात रूपांतर सुरू झालं, तेव्हा ते ४० सेंटांच्या आसपास होतं. दाखले नोंदले गेले, काम झालं, नाणं मात्र पडलं. नोंदीचं शुल्क अगदी नगण्य असतं आणि तेवढ्यापुरतंच नाणं लागतं. नोंद करणाऱ्याला ते साठवून ठेवायची गरज नसते. जितकी सेवा स्वस्त, तितकी नाण्याची मागणी कमी. म्हणून "प्रकल्प चांगला आहे का" याच्यापुढे जाऊन विचारायचं की वापर वाढला तर नाण्याला काय मिळतं. इथेरियममध्ये ऑगस्ट २०२१ पासून प्रत्येक व्यवहाराच्या शुल्काचा एक भाग कायमचा नष्ट केला जातो, त्यामुळे वापराची आणि नाण्याची थोडीतरी गाठ आहे. बऱ्याच टोकनांत अशी गाठच नसते, नुसता लोगो एक असतो.

सोलानाचं भवितव्य विचाराल तर छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचं जाळं, म्हणजे ते चालवणारे एकमेकांना जोडलेले संगणक, १७ तास बंद पडलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये २५० डॉलरच्या वर असलेलं नाणं डिसेंबर २०२२ मध्ये १० डॉलरच्या खाली आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याने पुन्हा नवा उच्चांक गाठला. उलट ईऑसने जून २०१८ पर्यंतच्या वर्षभरात सुमारे ४०० कोटी डॉलर उभे केले, तेव्हा त्याला इथेरियमचा वारस म्हणत होते, आणि ते परत उठलं नाही. श्वेतपत्रिका (प्रकल्पाचा आराखडा मांडणारे दस्तऐवज) दोघांच्याही भारदस्त होत्या. मी स्वतः बघते ते वेगळं: जाळं वापरणारे लोक रोज खरोखर किती शुल्क भरतात, कोड उघडा, म्हणजे कुणालाही वाचता येणारा, आहे का, त्यावर आज कुणी काम करतंय का, आणि जाळं चालवणारे संगणक किती वेगवेगळ्या लोकांच्या हातात आहेत.

हिशेबनीस

कराचं थोडक्यात सांगतो, व्यवसायाने सीए आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, त्या करावर ४ टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही. आणि सगळ्यांत जाचक भाग हा की एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. भाच्याने दोन नाणी विकली, एकात ४०,००० मिळाले, दुसऱ्यात ४०,००० गेले. हातात शून्य, कर १२,४८०. चार-पाच नाण्यांत थोडे थोडे पैसे टाकून "एखादं तरी लागेल" हा विचार आपल्याकडे म्हणूनच महाग पडतो. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, आणि एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी कायद्याने ती विक्रीच.

कृष्णाकाठ

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार.

ठरलं ते असं: ताईची ठेव जशीच्या तशी पुन्हा बँकेत. भाचा स्वतःच्या पगारातून, बुडाले तरी चालतील एवढेच पैसे घालणार, आणि तेही एखाद्याच नाण्यात. कोणतं ते त्याने वरचे सगळे प्रश्न विचारून ठरवायचं आणि मला लेखी कळवायचं. त्याने हे मान्य केलं. शेवटचा प्रश्न: नाणं ठेवायचं कुठे?

आकडेमोड

एक्स्चेंज केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे (एफआययू) नोंदलेलं आहे का, ते आधी बघा. मार्च २०२३ पासून ते बंधनकारक आहे. नोंदणी म्हणजे पैशांची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांना कित्येक महिने आपली नाणी काढता आली नाहीत. रक्कम मोठी झाली, तर स्वतःचं वॉलेट घ्यावं. त्याची किल्ली असलेले बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहून घरी ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून नको. आणि सुरुवातीला अगदी थोड्या रुपयांची खरेदी, तीच विक्री, आणि पैसे परत बँक खात्यात, असा पूर्ण फेरा एकदा करून बघा. तो झाल्याशिवाय पुढची रक्कम घालू नका.