रोज ठरवून प्रेम करण्याचा सराव केला तर मन शांत होतं का?

उपवनकाठ (धागाकर्ता):
सकाळी उपवन तलावाला फेरी झाली की मी बाकावर डोळे मिटून बसतो. आधी आईला आठवतो, मग नाक्यावरच्या भाजीवाल्याला, आणि शेवटी आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना. हे गृहस्थ रविवारी बादल्या ओतून बाल्कनी धुतात आणि ते काळं पाणी आईने ग्रिलमध्ये वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर पडतं. त्यांचंही भलं होवो असं मनापासून म्हणायचं, एवढीच माझी साधना. सुरुवातीला ओठ म्हणायचे आणि डोक्यात शिव्या असायच्या. आता शिव्या कमी झाल्यात, झोप बरी लागते.
माझं मत असं की प्रेम आपोआप वाटण्याची वाट बघू नये, रियाज करावा. पतंजलींनी योगसूत्रात (१.३३) हेच सांगितलंय: मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद मानणं) यांच्या भावनेने चित्त प्रसन्न होतं. माउलींनीही 'भूतां परस्परें जडो मैत्र जीवांचें' हेच मागितलं. त्यासाठी घरदार सोडायला नको, माजिवड्याच्या सिग्नलला अडकल्यावरही जमतं. पटतंय का?

नौपाड्याची सून:
अजिबात नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मला हेच ऐकवलं गेलं. 'प्रेमाने कर गं, तुलाच शांती मिळेल.' सांगणारे नणंद आणि दीर, दोघेही महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन येणारे. डायपर, मालिश, रात्रीची उठबस माझ्याकडे आणि अध्यात्म त्यांच्याकडे. दिवसपाळीची बाई लावली, तिच्या पगारात दिराने निम्मा वाटा उचलला, तेव्हा कुठे मला सासूबाईंशी धड दोन शब्द बोलावेसे वाटायला लागले. आधी झोप, मग प्रेम. हा रियाज नेहमी बाईलाच का सांगतात, याचं उत्तर द्या.

रोजची फास्ट:
पापड्यांचं काय झालं ते सांगा आधी.

उपवनकाठ:
टाकून दिल्या. वर जाऊन बोललोही. आवाज न चढवता बोलू शकलो हाच मला फरक वाटतो. अजून बादल्या चालूच आहेत म्हणा.
@नौपाड्याची सून, तुमच्यावर लादलं गेलं, ते चूकच. पण मी दुसऱ्याला सांगत नाहीये, स्वतःपुरतं करतोय.

घोडबंदरवासी:
मी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय. तिथे मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात, पण कधी? दहाव्या दिवशी. आधी तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना, आणि नऊ दिवस तोंडाला कुलूप. स्वतःचा राग अंगात कुठे आणि कसा उठतो हे दिसल्याशिवाय दुसऱ्याचं भलं चिंतणं पोकळ राहतं, असा त्यामागचा विचार मला कळला. धागाकर्ते थेट दहाव्या दिवसापासून सुरू झालेत. मग ओठ एक म्हणणार आणि डोकं दुसरं, यात नवल ते काय!

उपवनकाठ:
मग वारकऱ्यांचं काय? तिथे कोण आधी श्वास मोजत बसतं? माळ घातली, पाया पडले, गळ्यात गळा घातला. प्रेमापासूनच सुरुवात.

घोडबंदरवासी:
माउलींचं पसायदानही अठरा अध्याय झाल्यावर आलंय हो.

चेंदणी कोळीवाडा:
वारकरी म्हणालात म्हणून. ज्या तुकोबांनी 'जे का रंजले गांजले' म्हटलं, त्यांनीच 'भले तरी देऊं कासेची लंगोटी, नाठाळाचे माथी हाणूं काठी' असंही ठणकावलं. प्रेमाचा आव आणून काठी गहाण टाकायला कुणी सांगितलेलं नाही.
दुसरं, धागाकर्त्यांनी सूत्र अर्धंच दिलंय. त्यात चार गोष्टी आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखितावर करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. चौथी गाळली की काय होतं ते वर सूनबाईंनी लिहिलंच आहे. प्रेमाच्या नावाखाली निमूट सोसणं. वरच्या मजल्यावरच्यांवर प्रेम नका करू. त्यांना डोक्यात जागा देऊ नका, आणि कमिटीकडे लेखी तक्रार करा. दोन्ही एकाच दिवशी करता येतं.

उपवनकाठ:
चौथी मी मुद्दाम गाळली होती, कारण उपेक्षेच्या नावाखाली आपण सगळेच शेजाऱ्यांकडे न बघता लिफ्टमध्ये मोबाईल काढतो. ती आपल्याला फार सोपी जाते. अवघड ते करून बघावं, असं माझं म्हणणं अजूनही आहे.

नौपाड्याची सून:
सोपी तुम्हाला जाते, कारण तुमचा त्रास वरच्या मजल्यावर राहतो. माझा त्रास वन बीएचकेच्या हॉलमध्ये झोपतो आणि पहाटे चारला हाक मारतो. त्याची उपेक्षा करायला मी कुठल्या खोलीत जाऊ?
आणि दिराचा या महिन्याचा वाटा अजून आलेला नाही. आज फोन करणार आहे, बघू कितपत प्रेमाने बोलता येतं ते.